ड्रममधले पाहुणे

आमच्या गल्लीत कुणाकडे काहीही मागा, मिळतं. साखर, स्कूटर, गॅसचं भरलेलं सिलिंडर, लग्नात मिरवायला कोट. वेळ पडली तर रक्तही देतील. पाणी मात्र मागू नये. आमच्याकडे नळ रोज येत नाही. तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी दुकानं उशिरा उघडतात, मुलांच्या शाळा बुडतात आणि अबोला धरलेले शेजारीसुद्धा एकमेकांना ‘तुमच्याकडे आलं का?’ म्हणून विचारतात. गच्चीवर निळे ड्रम किती, यावरून घराची ऐपत ठरते. अशा या संभाजीनगरात आमचे शेजारी उत्तमनाना एक अख्खा ड्रम किड्यांसाठी राखून ठेवतात.

होय, किड्यांसाठी. मलाही ते आधी खरं वाटलं नव्हतं.

मी तसा सहजी दचकणारा माणूस नाही. औरंगपुऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरपलीकडून लोक मला काय काय सांगतात, आणि त्याहून वाईट म्हणजे काय काय दाखवतात, ते बघून माझं मन निबर झालेलं आहे. पण नानांच्या शेजारी राहायला आल्यापासून मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की स्वतःचंच बीपी मोजायला लागलो.

आमची ओळखच धक्क्यानं झाली. आम्ही नवीनच राहायला आलो होतो आणि नाशिकहून सासू-सासरे आले होते. नाशिकच्या माणसाला पाण्याची किंमत नसते. सासऱ्यांनी सकाळ-संध्याकाळ अंघोळी केल्या, सासूबाईंनी हौसेनं आमचे पडदे धुतले, आणि आमचे ड्रम तळाला गेले. मी बादली घेऊन गच्चीवर गेलो. आमच्या आणि नानांच्या गच्चीमध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे नाना स्टुलावर बसून पालक निवडत होते. चांगली पानं ते बाजूला टाकत होते आणि सडकी नीट रचून ठेवत होते. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

“घ्या की डाक्टर,” नाना म्हणाले. औषधं विकणारा प्रत्येक माणूस नानांच्या लेखी डॉक्टरच. “ह्यातलं घ्या, त्यातलं घ्या. कोपऱ्यातल्या ड्रमाला तेवढा हात लावू नका. त्यात पाहुने हाएत.”

मला वाटलं, आमच्या सासुरवाडीवरून टोमणा मारतायत. मी कसनुसा हसलो आणि सहज म्हणून त्या ड्रमाचं झाकण उचललं.

आत हिरवंगार पाणी, शेवाळाचा गुंता, आणि त्यातून खारकेएवढा एक काळाकुळकुळीत भुंगेरा डोकं वर काढून माझ्याकडे बघत होता. त्याच्यामागे आणखी एक. खाली आणखी. मी जो ओरडलो, तो सासऱ्यांना खाली न्हाणीघरात ऐकू गेला.

“वरडू नका,” नाना शांतपणे म्हणाले. “घाबरत्यात ते.”

नानांचं वय सत्तरीच्या आसपास. मूळ गाव कन्नडजवळ. तरुणपणी शहरात आले आणि शहागंजात त्यांनी लग्नाच्या लाइट-डेकोरेशनचं दुकान टाकलं. रंगीत माळा, झुंबरं, वरातीत डोक्यावर धरायचे दिवे, मंडपाचे हॅलोजन. अर्ध्या शहराची लग्नं नानांच्या उजेडात लागली. स्वतःचं तेवढं राहिलं. का राहिलं, असं विचारलं तर म्हणतात, “सीझनमध्ये सवड नाय, आन बिगरसीझनला मुहूर्त नाय.”

हे भुंगेरे पाण्यात राहणारे. डबकं आटायला लागलं की अंधार पडताना उडतात आणि दुसरं पाणी शोधत फिरतात. त्यात कुठं झगझगीत दिवा आणि त्याखाली चकचकीत फरशी किंवा ताडपत्री दिसली, की त्यांना ते तळंच वाटतं. येऊन धाडकन आपटतात, उताणे पडतात आणि त्या गुळगुळीत जागेवर त्यांना काही केल्या उलटता येत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत दिव्याखाली अशांचा सडा पडतो आणि सकाळी झाडूवाली तो कचऱ्यात भरते. हे सगळ्या डेकोरेशनवाल्यांनी बघितलेलं असतं. मनाला लावून घेतलं एकट्या नानांनी.

“लाइट कोनी लावला? आपन लावला,” ते सांगतात. “पान्याच्या वाटंला लागलेला जीव, त्याला वाटलं हितं हाय. आला. म्हंजी आपनच बोलावलं का नाय? बोलावलेला तो पाहुना. आन पाहुन्याला पानी तोडायचं नाय.”

हे शेवटचं वाक्य नाना दिवसातून निदान एकदा म्हणतात. घरी कुणी पाहुणा येत नसताना म्हणतात, याचं मला नवल वाटायचं.

ज्या लग्नानं नानांचा धंदा बसला, त्या लग्नाला मी होतो. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न, बीड बायपासचं लॉन, गोरज मुहूर्त. नाना दिव्यांच्या कामात खरोखर हुशार, म्हणून ड्रमाचं माहीत असूनही ती ऑर्डर त्यांना मीच मिळवून दिली होती. शेवटचं मंगलाष्टक झालं. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, अक्षता टाकायला सगळ्यांचे हात वर गेले, आणि अख्ख्या लॉनवरचा उजेड गेला.

ठार अंधार. त्या अंधारात नानांचा आवाज आला, “कुनी हलू नका! पायाखाली पाहुने हाएत!”

लोकांना वाटलं साप. साप म्हणायचं नसतं म्हणून माणूस पाहुणे म्हणतोय, असा बायकांनी अर्थ काढला आणि एकच गलका झाला. नवरदेव खुर्चीवर चढला. भटजी त्याच्याआधी चढले होते. बँडवाल्यांना लग्न लागलंसं वाटून त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. मोबाइलचे दिवे लागले तेव्हा आम्हाला दिसलं, की मेन स्विच पाडून नाना जेवणाचा डबा हातात घेऊन स्टेजसमोर रांगतायत आणि उताणे पडलेले भुंगेरे एकेक करून डब्यात ठेवतायत. प्रत्येकाला काहीतरी समजावतही होते. मुलीच्या वडिलांनी त्यांच्या दंडाला धरून उभं केलं, तर नाना म्हणाले, “जरासक थांबा साहेब. लगीन कुठं पळून चाललंय का?”

मी त्या क्षणी कुणाच्या तरी मागं लपलो होतो. मावसबहीण अजून माझ्याशी बोलत नाही. नानांना मात्र कुणी बोलवेनासं झालं. त्यांनी झुंबरं विकली, दुकान भाड्यानं दिलं आणि ते पूर्णवेळ ड्रमाकडे बघायला मोकळे झाले.

त्यांचा दिनक्रम ठरलेला. दिवसा ड्रमावर झाकण. दिवेलागणीला झाकण काढायचं आणि ड्रमाच्या बरोबर वर टांगलेला पिवळा बल्ब लावायचा. पाऊस असो, थंडी असो, बल्ब लागणार म्हणजे लागणार. मी एकदा विचारलं, “नाना, ही पण फसवणूकच झाली की.”

“ती कशी? तिथं लाइट हुता, पानी नव्हतं. हितं लाइटखाली पानी हाय. जो पडंल तो पान्यातच पडंल.” आणि मग माझी कीव केल्यासारखं म्हणाले, “डाक्टर, तुम्ही गोळ्याच इका.”

पाहुण्यांचं जेवण शहागंजातून येतं. तिथला भाजीवाला माझ्यासमोरच वैतागून म्हणाला होता, “चचा, सारा शहर ताजी पालक मंगता, तुमीच एक सड़ी मंगते! मैं घर से सड़ा के लाऊं क्या?” नानांनी तो विचार गंभीरपणे केला आणि आदल्या दिवशीची बाजूला ठेवत जा, म्हणून सांगितलं.

आपल्या पाहुण्यांचा नानांना विलक्षण अभिमान. “बाकीचे किडे बूड वर काढून हवा घेत्यात. ह्यो डोकं वर काढून घेतो. खानदानी हाय.” भुंगेरा वर येतो, मिशीनं पाणी फोडतो आणि हवेचा एक थर पोटाखाली घेऊन बुडी मारतो. पाण्यात तो थर चांदीसारखा चमकतो. ते दिसलं की नाना मला हाक मारतात. “या, या, बघा! चांदी घालून निघाला.” पोहतानाही तो एकामागून एक पाय टाकतो. नानांचं म्हणणं, त्याला पोहायला कुणी शिकवलंच नाही, म्हणून बिचारा पाण्यात चालतो. कधी ड्रममध्ये दुसऱ्या जातीचा भुंगेरा पडतो. तो दोन्ही पाय एकदम मारतो आणि जिवंत मासोळी धरून खातो. त्याला नाना चहाच्या गाळणीनं उचलून गच्चीबाहेर घालवतात. “गुंड हाय तो. आपला बघा, पडलं-झडलं खातो, कुनाच्या जिवावर उठत नाय.”

हे ऐकून मी एकदा ड्रमात वाकलो, तर तळाशी बोटभर लांबीची अळी डासाच्या पिल्लाला धरून चाललेली दिसली. काय ते जबडे! मी दोन पावलं मागं सरलो. “नाना, ही तर तुमच्याच पाहुण्यांची पोरं!”

“पोरं वांडच असत्यात हो,” नाना म्हणाले. “मोठी झाली की सुधरत्यात.”

वांड पोरं एकमेकांनाही खातात. म्हणून नाना त्यांना वेगवेगळं ठेवतात, आणि कशात ठेवतात ते मला त्यांच्या घरी चहा पिताना कळलं. फळीवरच्या वाटीत काहीतरी वळवळलं. तशाच दुसऱ्या वाटीत मला शेव दिलेली होती. त्या दिवसापासून मी नानांकडे फक्त चहा घेतो, आणि तोही आधी कपाच्या तळाशी बघून.

डासांच्या अळ्या शोधायला घरोघर येणाऱ्या ताई तो ड्रम पहिल्यांदा उपडा करायलाच निघाल्या होत्या. नाना दोन्ही हात पसरून आडवे झाले. ताईंनी टॉर्च मारून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि डासाची एकही अळी नाही म्हणून भिंतीवर खडूनं तसं लिहून गेल्या. नाना अजून ती खडूची अक्षरं पुसू देत नाहीत.

नानांचे शोध मात्र बरेचसे हवेतले. गुरुवारी भुंगेरे उपास करतात, असं ते छातीठोक सांगायचे. मी एका गुरुवारी मुद्दाम पालक टाकून बघितली आणि त्यांनी ती खाल्ली. मी मोठ्या विजयानं नानांना बोलावलं.

“तुम्ही दिली म्हनून खाल्ली,” नाना म्हणाले. “पाहुनी मानसं. नाय कसं म्हनतील?”

त्या ड्रमापायी नानांनी गल्लीत वैरं घेतली होती. समोरच्या घरच्या जावयानं एकदा गंमत म्हणून त्यात साबणाचा हात बुडवला, तर सत्तरीच्या नानांनी त्याला जिना उतरून गल्लीच्या टोकापर्यंत हाकलला. त्या घराशी त्यांचं अजून बोलणं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे घडलं त्या वेळी मला सारखा तो पळणारा जावई आठवत होता.

यंदाच्या पावसाळ्यात नानांनी गल्लीत पेढे वाटले.

सगळे चाट पडले. बायकांनी आपसात चर्चा केली आणि एका काकूंनी शेवटी धीर करून विचारलं, “नाना, कुठली आहे मुलगी?” नाना लाजले. मला त्यांचं ते लाजणं बघूनच घाम फुटला. मग त्यांनी मला हाताला धरून गच्चीवर नेलं.

एका भुंगेरीनं अंडी घातली होती. नुसती घातली नव्हती. तिनं स्वतःच्या अंगातून रेशीम काढून बोराएवढी पांढरी पिशवी विणली होती, पानाला लावून पाण्यावर तरंगत ठेवली होती, आणि पिशवीला वर एक बारीक दांडी काढली होती, होडीला डोलकाठी असते तशी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सडकी पालक खाणाऱ्या किड्याचं ते काम आहे, हे मला पटेना.

“आजवर कुनी घर बांधलं नव्हतं हितं,” नाना म्हणाले. “यायचे, राह्यचे, एक दिवस उडून जायचे. ही ऱ्हायली बघा.” त्यांचा आवाज जरा चिरकला. मी पेढा खाल्ला.

त्या होडीतली पिल्लं बाहेर यायच्या आतच नानांच्या मोतीबिंदूची तारीख आली. डोळा पिकला होता, पुढं ढकलणं शक्य नव्हतं. ऑपरेशननंतर काही दिवस काळा चष्मा, वाकायचं नाही, जिना चढायचा नाही. ड्रमाची जबाबदारी माझ्यावर पडली. घरातल्या देखभालीला गावाकडून त्यांची मोठी बहीण येणार होती, कौसाआक्का.

आणि मला आणखी एक धक्का बसला. नाना बहिणीच्या येण्यानं पार बावरून गेले होते. आक्काच्या मागं जनावरं, शेत, नातवंडं. भावाच्या या घरात ती आजवर कधी राहिली नव्हती. नानांनी नवी चादर आणली. स्टीलचा नवा पेला आणला, त्यावरची चिठ्ठीही काढली नाही. माझ्या बायकोला, सुनीताला, विचारलं, की बायामाणसांना सकाळी खायला काय लागतं. त्या घरात माणसासाठी केलेली तयारी मी पहिल्यांदाच बघत होतो.

“आक्काला ड्रमाचं सांगू नका,” त्यांनी मला बजावलं.

“का हो?”

“ती म्हनंल, उत्तम येडा झाला. गावात बोभाटा व्हईल. तिच्या नातवाची सोयरीक चाललीय.” मग थोडं थांबून म्हणाले, “आन तिला वाईट वाटंल.”

आक्का आल्या. ठेंगण्या, नऊवारीतल्या, पायात भेगा, आवाज खणखणीत. लहानपणी आई गेल्यावर नानांना यांनीच वाढवलेलं. आल्या आल्या त्यांनी नानांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच केर काढायला घेतला. ऑपरेशन नीट झालं. आक्का वेळेवर डोळ्यात थेंब टाकत होत्या, भाकरी करत होत्या, आणि नाना काळ्या चष्म्यात खाटेवर बसून लेकरासारखे सगळं ऐकत होते. मी रोज भिंतीवरून पलीकडे जाऊन, नाक दाबून, पालक टाकत होतो.

आणि नळ अवेळी आला. भर दुपारी. मी दुकानात होतो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. टँकरमागं हंडे घेऊन धावणारी बाईसुद्धा, नळ आला की साठवलेलं पाणी शिळं म्हणून ओतून देते, ड्रम घासते आणि ताजं भरते. नळाचं पाणी ताजं आणि ड्रमातलं शिळं, मग ते कालपर्यंत कितीही जपलेलं असो. हे मला जन्मात कळलेलं नाही. पण घरोघरी असंच चालतं, आणि आक्का तर नेटकेपणाबद्दल गावात नाव असलेल्या बाई.

सुनीताचा फोन आला. “लवकर या. आक्कांनी कोपऱ्यातला ड्रम ओतलाय.”

खोकल्याच्या औषधाची बाटली गिऱ्हाइकाच्या हातात तशीच देऊन मी निघालो. गच्चीवर पोचलो तेव्हा आक्का पदर खोचून उभ्या होत्या. नखशिखांत भिजलेल्या, दमलेल्या आणि समाधानी. ड्रम निळाशार चमकत होता. काठोकाठ स्वच्छ पाणी आणि तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं.

“भाऊ, काय घान हुती ती!” आक्का सांगू लागल्या. “शेवाळ, सडका पाला, हे एवढाले किडे. समदं उलटं केलं. राख नाय घावली, मिठानं घासला.” आणि सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. “त्याला दिसत नव्हतं ना डोळ्यानं. माझा भाऊ असलं पानी पीत हुता, आन मी तिकडं गावात. माझ्या ध्यानातच नाय आलं.”

त्या माउलीला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

मी धावत खाली उतरलो. पन्हाळीचं पाणी गल्लीच्या गटारीत गेलं होतं आणि गटार वाहत होती. गच्चीच्या कठड्यावर कावळ्यांनी आपलं काम उरकलं होतं. रेशमाची ती होडी पन्हाळीच्या जाळीला चिकटून चोळामोळा झालेली सापडली. मी, बाहेरून आल्यावर दोनदा हात धुणारा माणूस, दुकानाच्या इस्त्रीच्या पँटमध्ये गटारीशी गुडघे टेकून बसलो. समोरचा तो जावई नेमका आलेला होता. तो दारातून बघत राहिला.

एक सापडला. माझ्याच स्कूटरच्या चाकाशी उताणा पडून पाय झाडत होता. मी त्याला नुसत्या हातानं उचललं. छातीखालचा काटा त्यानं माझ्या अंगठ्यात रुतवला. तसाच वर पळालो आणि त्याला आमच्या ड्रममध्ये सोडून दिलं.

“अहो!” सुनीता किंचाळली. “प्यायचा ड्रम आहे तो!”

मला तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. आक्का खाली गेल्या होत्या आणि नानांना सांगणार होत्या. मी त्यांच्या घरात शिरलो तेव्हा सांगून झालंच होतं.

नाना खाटेवर ताठ बसले होते. काळ्या चष्म्यामागं काय चाललंय ते दिसत नव्हतं. हात तेवढे नव्या चादरीवर पुढं-मागं फिरत होते. आता घर डोक्यावर घेणार, आता ही म्हातारी रडणार, असं म्हणून मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

“सगळं ओतलं?” नानांनी विचारलं.

“थेंब नाय ठेवला.”

नानांनी चादरीची सुरकुती हातानं सपाट केली. मग नाना म्हणाले, “लई बरं केलंस आक्का. माझ्या हातानं व्हतच नव्हतं.”

मला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी बिघाड झाला.

“मला पानी पाज उलीसं,” नाना म्हणाले. “त्याच ड्रमातलं आन.”

आक्का लगबगीनं गेल्या आणि नवा पेला भरून आल्या. नानांनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि घोट घोट करत सगळं पाणी प्यायले. मधे एकदा त्यांचा हात थांबला. पण त्यांनी पेला खाली ठेवला नाही.

“गोड हाय,” ते म्हणाले.

“बघ!” आक्का खूश होऊन चहा टाकायला आत गेल्या.

नानांनी अंदाजानं हात पुढं केला, तो माझ्या मनगटाला लागला. “डाक्टर, तिला सांगू नका कधी,” ते हळूच म्हणाले. “पहिल्यांदा आलीय माझ्या घरी. पाहुनी हाय.”

तेवढ्यात आक्का कप घेऊन आल्या.

आक्का होत्या तोवर मी ड्रमाचं नाव काढलं नाही आणि नानांनीही विचारलं नाही. त्या गेल्या त्या दिवशी नाना त्यांना कन्नडच्या गाडीत बसवायला गेले, आणि सोबत मी. जागा मिळवून दिली, खिडकीतून पेढ्यांचा पुडा दिला, आणि गाडी गेल्यावरही तिथंच उभे राहिले. मी त्यांना रिक्षातून घरी आणलं, पण त्यांच्या दारात सोडलं नाही. जिना चढायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. हाताला धरून त्यांना आमच्या गच्चीवर नेलं आणि आमच्या ड्रमाशी उभं केलं.

“नाना, एक वाचलाय.”

त्यांनी ड्रमाचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला. अंधार पडत आला होता, त्यात काळा चष्मा. त्यांना काही दिसत नव्हतं.

“डोकं वर काढतो का?”

“काढतो.”

“चांदी?”

मी वाकून पाहिलं. शेवाळ नसलेल्या त्या स्वच्छ पाण्यात तो एकामागून एक पाय टाकत खाली चालला होता आणि पोटाखाली चकाकत होतं. “आहे,” मी म्हणालो. “चांदी घालून निघालाय.”

नाना हसले. मग म्हणाले, “आन संगट कोन?”

“कुणी नाही. एकटाच आहे.”

नानांनी भिंतीकडे मान वळवली. पलीकडे त्यांची गच्ची अंधारात होती. ऑपरेशन झाल्यापासून तिथला बल्ब लागला नव्हता.

“मंग हितं लाइट लावा डाक्टर,” ते म्हणाले. “एकट्याच्या घराला लाइट पायजेच. कुनी वाटंला लागलं आसंल तर त्याला दिसंल तरी.”

इतकी वर्षं मी समजत होतो, की नानांचा तो पिवळा बल्ब किड्यांसाठी आहे. मला भडभडून आलं, आणि ते नानांना दिसत नव्हतं हे बरंच झालं.

मी खालून वायर, होल्डर आणि बल्ब आणला. नानांनी नुसतं चाचपून वायर जोडली. बल्ब ड्रमाच्या बरोबर वर यायला हवा म्हणून मला स्टुलावर चढवून दोनदा सरकवायला लावला. सुनीतानं काही न विचारता ड्रमाचं झाकण काढून बाजूला ठेवलं. मी बटण दाबलं.

बराच वेळ झाला तरी कुणी आलं नाही. मी म्हणालो, “चला नाना, खाली जेवायला चला.”

“थांबा उलीसं,” नाना म्हणाले. “येईल कुनीतरी.”

सुनीतानं खाली जाऊन तीन ताटं वाढली आणि वरच आणली.